तोच जोड पुन्हा लावावा का?

आम्ही धनगर. मेंढरांच्या राखणीला कुत्री हवीतच. मागच्या वेताच्या सहा पिलांपैकी एक लांडग्यावर धावून जाते, म्हणून आबा म्हणाले, "हाच जोड पुन्हा लावायचा."

मी विचारले, "आबा, बाकीची पाच?" दोन भित्री निघाली, एक कोकरांनाच चावते.

पिलाला निम्मी जनुके आईकडून, निम्मी बापाकडून मिळतात. पण कोणती, हे प्रत्येक पिलागणिक बदलते. म्हणून एका पिलावरून जोड ठरवू नये, सगळे वेत पाहावे. त्यांचा राखणीचा स्वभाव कळायला वर्ष-दीड वर्ष लागते. गाभणकाळ अवघा ६३ दिवसांचा; घाईची चूक मात्र वाड्यावर दहा वर्षे राहते.

आबा गप्प राहिले. मग म्हणाले, "एका कोकरावरनं मेंढा कुठं ठेवतो आपण?" यंदा नर दुसरा आहे.