कॅम्पातली जागा कोणाची?

आपल्या खानापूर तालुक्यातल्या बहुतेक घरांचा बेळगावच्या कॅम्पाशी काही ना काही संबंध आहेच. कोणाचा मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला, कोणाच्या आजोबांनी तिथे दुकान थाटले, कोणी पोरांच्या शिक्षणासाठी तिथे घर बघितले. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महानगरपालिकेत जाणार अशी चर्चा सुरू झाल्यापासून सभासद आम्हाला एकच प्रश्न विचारतात: मग जागा आमच्या नावावर होणार का? याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी वाढली. आज कर्नाटकात कॅन्टोन्मेंट बोर्ड असलेले हे एकच ठिकाण आहे. बंगळूरची छावणी 1949 मध्येच तिथल्या महापालिकेत गेली. 1956 मध्ये आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी लष्कराच्या ताब्यातली जमीन ना मुंबईची झाली ना म्हैसूरची. ती केंद्राकडेच राहिली. सीमाप्रश्नावर इतके बोलणारे आपण, पण ही बारीक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आलेली नाही.

आपण बोलताना 'मिलिटरीची जागा' म्हणतो. कायद्याने मालक भारत सरकार आहे. सैन्य ती वापरते आणि तिची दप्तरे संरक्षण मंत्रालयाचे डिफेन्स इस्टेट खाते सांभाळते. देशभरात अशी जवळपास 18 लाख एकर जमीन आहे. त्यातली 1.61 लाख एकर त्या वेळच्या 62 कॅन्टोन्मेंटमध्ये आणि बाकीची बाहेर, म्हणजे सराव मैदाने, विमानतळ, जुने पडाव वगैरे. स्वातंत्र्यानंतर या सगळ्याची पूर्ण मोजणी पहिल्यांदा झाली ती जानेवारी 2022 मध्ये. पंच्याहत्तर वर्षे मालकाने स्वतःची जमीन मोजली नव्हती! बँकेत असा ग्राहक आला असता तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवला असता.

गावाकडे जसा आपला उतारा, तसे कॅन्टोन्मेंटमध्ये जनरल लँड रजिस्टर, म्हणजे जीएलआर. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर आणि एक वर्ग असतो. ए-1 म्हणजे सैन्य प्रत्यक्ष वापरते ती जमीन, ए-2 म्हणजे सैन्यासाठी मोकळी राखलेली. बी-1 केंद्राच्या इतर खात्यांकडे (पोस्ट, रेल्वे वगैरे), बी-2 राज्य सरकारकडे. सी म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे दिलेली, उदाहरणार्थ बाजार, रस्ते, शाळा. बी-4 म्हणजे यातल्या कशातच न बसणारी. आपला संबंध मुख्यतः बी-3 शी येतो. या वर्गात जमीन सरकारची आणि तिच्यावरचा भोगवटा खाजगी माणसाचा, तोही लीजने किंवा 'ओल्ड ग्रँट'ने.

ओल्ड ग्रँट नीट समजून घ्यावी, कारण खरी फसगत इथेच होते. इंग्रजांच्या काळात अधिकाऱ्यांना राहायला बंगले हवे होते आणि सरकारला ते बांधायचे नव्हते. म्हणून खाजगी लोकांना जागा दिली: घर तुम्ही बांधा, जमीन आमची. बंगाल लष्करासाठी 1836 चा 179 क्रमांकाचा हुकूम प्रसिद्ध आहे. त्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत चुकती करून सरकार जागा परत घेऊ शकते. मुंबई इलाख्याचे नियम वेगळे होते, तत्त्व मात्र तेच. पुढे चार पिढ्या गेल्या, बंगल्याचे तुकडे झाले, विक्रीपत्रे झाली आणि 'जमीन सरकारची' हे वाक्य कागदावरून हळूहळू गळून पडले. रजिस्टरमध्ये मात्र ते तसेच राहिले. मध्य प्रदेशातल्या सागर कॅन्टोन्मेंटच्या एका बंगल्याच्या प्रकरणात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीएलआरच्या नोंदींना महत्त्व देऊन सरकारची बाजू मान्य केली.

आम्ही कर्ज विभागात असताना आपल्याच तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार कॅम्पातल्या घराचे विक्रीपत्र घेऊन आले होते. फंडाचे पैसे त्यात घातलेले, दुरुस्तीसाठी कर्ज हवे होते. विक्रीपत्रात 'जमिनीसह' असे लिहिलेले आणि जीएलआरच्या नकलेत ओल्ड ग्रँट. आमच्या वकिलांनी गहाण घेण्याला नकार दिला. सुभेदारांनी कोणालाही फसवले नव्हते. त्यांना विकणाऱ्याने तरी मुद्दाम फसवले असेल का, हेही सांगता येत नाही. त्यांनी ती नक्कल घर घेण्याआधी मागितली नव्हती, इतकेच.

लीजवाल्यांची अडचण वेगळी आहे. 1937 च्या नियमांखालची अनेक लीज तीस-तीस वर्षांनी नूतनीकरण करून नव्वद वर्षांपर्यंत चालणारी. मधल्या नूतनीकरणाचा अर्ज राहिला, वारसांची नोंद झाली नाही किंवा घराला परवानगीशिवाय एक खोली वाढवली की प्रकरण अडते.

सैन्याला नको असलेली जमीन सरकार विकत का नाही, असेही लोक विचारतात. ती सहसा थेट बाजारात येत नाही. आधी तिन्ही दलांपैकी कोणाला हवी का ते पाहतात, मग केंद्राची इतर खाती, मग राज्य सरकार. राज्याला द्यायची तर बाजारभावाने किंवा तेवढ्याच किमतीच्या जमिनीच्या बदल्यात. 2021 पासून रस्ते, मेट्रो, उड्डाणपूल अशा कामांसाठी जमीन दिल्यास तितक्याच किमतीचे बांधकाम सैन्याला करून देण्याची सोय झाली आहे. हिशेब साधा वाटतो, पण कागद गोंधळले की काय होते ते मुंबईच्या कुलाब्यात दिसले. आदर्श सोसायटीचा 31 मजली टॉवर उभा राहिला आणि जमीन सैन्याची की राज्याची यावर वाद पेटला. एप्रिल 2012 मध्ये चौकशी आयोगाने ती महाराष्ट्र सरकारची असल्याचे सांगितले. टॉवर उभा राहिल्यावर मालक शोधावा लागला!

आता विलीनीकरणाकडे येऊ. 2023 च्या वसंतात बोर्डांच्या निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या, आणि त्याच सुमाराला हिमाचलमधले योल हे पहिले कॅन्टोन्मेंट मोडीत निघाले. 2024 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. पाणी, गटार, दिवे, दवाखाना अशा नागरी सोयींच्या मालमत्ता राज्याच्या नगरसंस्थेला फुकट मिळतील. बोर्डाची देणीघेणीही तिकडे जातील. मात्र जिथे जमिनीचा मालकी हक्क केंद्राचा आहे, तिथे तो केंद्राकडेच राहील. म्हणजे उद्या घरपट्टीची पावती महापालिकेची आली, तरी तेवढ्याने बी-3 च्या खालची जमीन आपली होत नाही. पट्टी भरणे आणि मालक असणे यात फरक आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण 'विलीनीकरणानंतर फ्री होल्ड होणार' असे सांगून आताच घर विकणारे लोक पुढे येतील.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत खरोखर खाजगी मालकीच्या जमिनीही असतात, तेव्हा सरसकट घाबरण्याचे कारण नाही. आपला वर्ग कोणता ते आधी पाहावे. त्यासाठी जीएलआरची प्रमाणित नक्कल, मूळ ग्रँट किंवा लीजचा कागद, शेवटच्या नूतनीकरणाचे पत्र, बांधकामाची परवानगी आणि वारसा नोंद एका फाइलमध्ये ठेवावी. घर आजोबांच्या नावावर असेल तर नाव लावण्याचा अर्ज आताच द्यावा, दप्तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाण्याआधी. नकलेच्या अर्जात सर्व्हे नंबर आणि बंगला नंबर दोन्ही लिहावेत आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.