घरी बसून वकील होता येतं का?



दहावी-बारावीचे निकाल लागले रे लागले, की एसटी स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात, विजेच्या खांबांवर जाहिराती दिसू लागतात. ‘घरबसल्या पदवी मिळवा!’, ‘नोकरी सांभाळून डिग्री!’ आता तर त्या मोबाइलवरही येतात. वाचून वाटतं, अरे वा! मग रोज कॉलेजला जायचं, एसटीचा पास काढायचा, हॉस्टेलची फी भरायची, हे सगळं कशाला?

आमच्या शाळेतून चौथी होऊन गेलेली एक मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली. वडिलांची पिठाची गिरणी आहे. त्यांचं पाठीचं दुखणं वाढलं, त्यामुळे गिरणीवर आता बराच वेळ तीच असते. तिला वकील व्हायचंय. कुणीतरी सांगितलं, “पैसे भर, घरबसल्या एलएल.बी. होशील.” घरचे पैसे भरायच्या तयारीतच होते. ती मला विचारायला आली, “बाई, भरू का?”

मी म्हटलं, “थांब! एक पैसाही भरू नकोस.”

का बरं? भारतात पत्राने, टपालाने किंवा घरबसल्या एलएल.बी. करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला साधारण ७० टक्के हजेरी लागते. पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर या पदव्याही दूरशिक्षणाने देता येत नाहीत. कारण सोपं आहे. इंजेक्शन देणं पुस्तक वाचून येत नाही. हात बसावा लागतो, आणि तो बसताना शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो.

सराव कुठे होणार?

व्यावसायिक पदवीचा विचार करताना हाच पहिला प्रश्न विचारा : सराव कुठे होणार?

आमच्या डी.एड.चंच उदाहरण घ्या. पुस्तकं तर घरीही वाचता आली असती. पण सराव पाठ असला, की निरीक्षक मागच्या बाकावर बसायचे. एखादी छात्रशिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलली, की लगेच टाचणवहीत शेरा! पुढच्या पाठाला ती वळून मुलांकडे बघायची. ही सुधारणा वर्गातच होते, बरं का!

पण हीच गोष्ट उलट बाजूनेही बघा. डी.एड. होऊन नोकरी करणारे पुष्कळ प्राथमिक शिक्षक पुढे मुक्त विद्यापीठातून बी.एड. करतात. हा दूरशिक्षणाचा बी.एड. आधी प्रशिक्षण घेतलेल्यांसाठीच असतो. त्यांच्यासमोर रोज खराखुरा वर्ग असतो. सकाळी वाचलेलं दुपारी करून बघता येतं. सरावाची जागा हाताशी आहे, म्हणून दूरशिक्षण त्यांना शोभतं.

सी.ए.चा रस्ता तर आणखी मजेदार आहे. ती विद्यापीठाची पदवी नाही, पण अभ्यास बराचसा घरी किंवा क्लासला करायचा आणि सराव सी.ए.च्या ऑफिसात, आर्टिकलशिप करून. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ही आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे. म्हणजे पुस्तक घरी असलं, तरी हात मात्र ऑफिसातच घडतो.

आणि नेल्सन मंडेला? त्यांनी १९८९ मध्ये तुरुंगात असताना दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएल.बी. दूरशिक्षणाने पूर्ण केली! तिथले नियम वेगळे होते. पण एक विसरू नका. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, ऑलिव्हर टांबो यांच्यासोबत त्यांनी जोहान्सबर्गला वकिलीचं ऑफिस थाटलं होतं. सराव आधी झाला होता, पदवी मागून आली.

दूरशिक्षण म्हणजे दुय्यम का?

मुळीच नाही! दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे ‘इग्नू’, स्थापन झालं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. शेतात राबणारे, दुकान चालवणारे, संसारात अडकलेले असे कितीतरी जण त्यामुळे पदवीधर झाले. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे.

पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दोनदा वाचा. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी नसताना दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना परीक्षा द्यायला सांगितलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या! विचार करा, इतक्या वर्षांनी, नोकरीत असताना!

जरा गणित करू

घरबसल्या म्हणजे सोपं, असंही नाही. मुक्त विद्यापीठांत अभ्यास श्रेयांकात मोजतात. १ श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. एका सत्रात २० श्रेयांक घेतले, तर ६०० तास झाले. सत्राचे १८० दिवस धरा. भागाकार करा बघू! रोज ३ तास २० मिनिटं. घंटा वाजत नाही, हजेरी घ्यायला कुणी नाही, मैत्रिणी हाक मारायला येत नाहीत. तरी रोज बसायचं. ज्याला हे जमतं, त्याच्यासाठी दूरशिक्षण उत्तम. ज्याला वर्गाशिवाय पुस्तक उघडवत नाही, त्याने कॉलेजच गाठावं.

मग तिचं काय ठरलं?

आम्ही दोघींनी कागदावर रस्ता आखला. बारावी झालेल्या मुलीने दूरशिक्षणाने बी.कॉम. केलं, तरी तिला नंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाता येतं. (मात्र बारावीसारखी पायरी गाळून थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर चालत नाही.) म्हणून आधीची तीन वर्षं गिरणी सांभाळून बी.कॉम., मग प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर रोज कॉलेजला जाऊन एलएल.बी. तेव्हा गिरणीवर कोण उभं राहणार, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पण ते शोधायला घरच्यांना तीन वर्षं मिळाली, आणि पैसेही वाचले.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर चार गोष्टी तपासा :

१. या व्यवसायाची परिषद दूरशिक्षणाची पदवी मानते का?

२. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं, त्याच अभ्यासक्रमाचं, यंदाच्या वर्षासाठी नाव आहे का? नियम बदलतात. २०२५ मध्ये मानसशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही दूरशिक्षणातून वगळायला आयोगाने सांगितलं.

३. सराव कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली होणार?

४. रोजचे तीन तास मी कुठून काढणार?

चारही उत्तरं वहीत लिहा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पैसे भरायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा. आणि कुणी “नियमांचं आम्ही बघून घेऊ, तू फक्त पैसे भर” असं म्हणाला, तर सरळ उठून घरी या!