जर-तरचं इंग्रजी

मैत्रिणींनो, अभ्यासाची वही घेऊन लेक जवळ आली आणि तुम्ही "बाबांना विचार जा" म्हणालात, असं कधी झालंय? माझं झालं. वहीत 'इफ'ची वाक्यं होती. लेक काही न बोलता निघून गेली, पण मला ते लागलं.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी शाळेत गेलेल्या आम्हाला ए बी सी डी भेटली ती थेट पाचवीत. बारा काळांचा तक्ता पाठ झाला, पण तोंडातून वाक्य काही फुटलं नाही.

मग कळंब्यात आम्ही शेजारच्या चौघीजणी दुपारची भांडी आवरली की अर्धा तास बसू लागलो. नियम एकच, वाक्य पुस्तकातलं नको, घरातलं हवं.

पहिल्याच दिवशी हसून पुरेवाट झाली. दारात कुणी हाक मारली की आपण कोल्हापुरी बायका आतून "आलो, आलो!" म्हणतो. आलेलो कुठं असतो? हात अजून पिठात असतात! इंग्रजीत तिथं 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणायचं. तसंच 'मी काल बँकेत गेले होते' याचं आम्ही 'आय हॅड गॉन' करायचो. तिथं साधं 'आय वेंट टू द बँक यस्टरडे' पुरतं. 'हॅड' लागतो तो मागच्या दोन गोष्टींतली आधी कुठली घडली हे सांगायला. 'मी स्टॉपवर पोचले तेव्हा बस गेली होती', म्हणजे 'व्हेन आय रीच्ड द स्टॉप, द बस हॅड लेफ्ट.'

जर-तर शिकवलं ते आपल्या कळंबा तलावानं. 'पाऊस पडला तर तलाव भरेल.' आम्ही म्हणायचो, 'इफ इट विल रेन'. चूक! आपण मराठीत तरी 'पडेल तर' कुठं म्हणतो? 'पडला तर'च म्हणतो. तसाच इंग्रजीतही अशा वाक्यात 'इफ'च्या बाजूला 'विल' बसत नाही. 'इफ इट रेन्स, द लेक विल फिल.'

दुसरा साचा आत्याबाईंच्या मिशांचा. 'इफ माय आंट हॅड अ मुस्टॅश, आय वुड कॉल हर अंकल.' 'हॅड' दिसतो भूतकाळाचा, पण गोष्ट आजचीच, फक्त खरी नसलेली.

तिसरा साचा हुकलेल्या गोष्टींचा. 'इफ इट हॅड रेन्ड, द लेक वुड हॅव फिल्ड.' पावसाळा संपला, तलाव काही भरला नाही.

आपली गाडी अडते ती या दोन साच्यांत. 'पैसे असते तर साडी घेतली असती' हे आपण आजच्या साडीबद्दलही म्हणतो आणि गेल्या दिवाळीच्या साडीबद्दलही. इंग्रजीत दोन वेगळी वाक्यं लागतात. आजची असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय द सारी.' दिवाळीची असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट द सारी.'

एका दुपारी तिसऱ्या साच्याचा सराव चालू होता. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "इफ आय हॅड पास्ड ट्वेल्थ, आय वुड हॅव बिकम अ नर्स." वाक्य अगदी बरोबर होतं, पण शाबास कुणीच म्हणालं नाही. दहावीनंतर लगेच त्यांचं लग्न लावून दिलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

थोड्या वेळानं धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, आता हेच पहिल्या साच्यात सांगा की."

वहिनींनी पदर सारखा केला. "इफ आय फिल द फॉर्म... आय विल सिट फॉर द एक्झाम."

फॉर्म म्हणजे सतरा नंबरचा. शाळा-कॉलेजात न जाता, बाहेरून दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी वहिनी दाखला शोधत होत्या. नर्स होणं पुढचं पुढं, पण बारावी तर हातातली आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री पोळ्या लाटताना तीन वाक्यं करून बघा. एक आजच्या कामाचं, एक हुकलेल्या गोष्टीचं आणि एक अजून होऊ शकणाऱ्या गोष्टीचं. तिसरं मात्र मोठ्यानं म्हणा, घरात ऐकू जाईल असं.

लेकीची वही आता मीच तपासते. परवा तिनंच माझा एक 'विल' खोडला!