कविता महाजन : ‘ब्र’ काढणारी लेखिका

नांदेडच्या माणसाला आपल्या गावाचे मोठेपण सांगावयास सांगितले, तर तो गोदावरीचे, गुरुद्वाऱ्याचे आणि नरहर कुरुंदकर गुरुजींचे नाव घेतो. त्यात गैर काही नाही. परंतु ५ सप्टेंबर १९६७ रोजी ह्याच गावात जन्मलेल्या कविता महाजन यांचे नाव त्या ओळीत सहसा ऐकू येत नाही. आम्हीही ते बरेच उशिरा घ्यावयास शिकलो.

त्यांचे शिक्षण नांदेडच्या पीपल्स संस्थेत आणि पुढे औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले. मराठी साहित्य घेऊन त्या एम. ए. झाल्या. नांदेडचा लेखक म्हटला की त्याला गुरुजींच्या पंक्तीला बसविण्याची आपल्याकडे खोड आहे. येथे ती उपयोगाची नाही. १९८२ साली गुरुजी गेले तेव्हा कविताताई शाळकरी मुलगी होत्या. त्यांची साहित्यातील नाती दुसरीकडची आहेत आणि ती पुष्कळ दूरवर पसरलेली आहेत.

आरंभ कवितेने झाला. ‘तत्पुरुष’, ‘धुळीचा आवाज’ हे त्यांचे कवितासंग्रह. पण सर्वसामान्य वाचकाला त्यांचे नाव कळले ते २००५ साली, ‘ब्र’ ह्या कादंबरीने. ‘तोंडातून ब्र काढला नाही’ हा वाक्प्रचार आपण घरोघर वापरतो, आणि बहुधा सुनेची स्तुती करताना वापरतो! त्या एका अक्षराचे त्यांनी पुस्तकाचे नाव केले.

कादंबरी समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. कागदावर बाई सरपंच झाली. पण खुर्चीवर नवरा बसला, शिक्का दिराच्या खिशात राहिला, आणि बाईने स्वतः कारभार पाहू म्हटले की अविश्वासाचा ठराव पुढे आला. ‘ब्र’मधील प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त घराबाहेर पडते, आदिवासी भागात हिंडते आणि अशा निवडून आलेल्या स्त्रियांना भेटते. त्या बायका बोलतात, आणि त्यांचे ऐकता ऐकता प्रफुल्लेला स्वतःचे मुकेपण कळू लागते. लेखिकेने संस्थांनाही सोडलेले नाही. गरिबाच्या नावाने चालणारी कामे आतून कशी कुजतात, हे ती नाव घेऊन सांगावे तसे सांगते.

हे पुस्तक वाचताना आम्ही मध्येच थांबलो, ह्याचे कारण वाङ्मयीन नव्हते. आम्ही आयुष्यभर कामगार संघटनेचे काम केले. आमच्या एका संघटनेत निम्म्या सभासद स्त्रिया होत्या, सफाईच्या आणि बांधकामाच्या कामावरच्या. वर्गणी सर्वांत आधी त्यांचीच जमा होई. कार्यकारिणीवर मात्र एकही बाई नव्हती. सभा संपल्यावर एका बाईला आम्ही जरा रागानेच विचारले, “तुम्ही सभेत बोलत का नाही?” ती म्हणाली, “मला कुणी इचारलंच नाही, तर म्या काय बोलू?” त्या वेळी आम्ही हसून सोडून दिले. ‘ब्र’ वाचल्यावर ते वाक्य परत आले, आणि ह्या वेळी हसू आले नाही. खुर्चीवर बसलेला तो सरपंचाचा नवरा आम्हांला चांगलाच ओळखीचा वाटला.

पुढे २००७ साली ‘भिन्न’ आली. तिचा विषय एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे जगणे हा. नवऱ्याकडून रोग घेऊन घराबाहेर काढली गेलेली बाई आपल्या भागात कुणी पाहिलीच नाही असे नाही. पाहिल्याचे बोलत नाही एवढेच. ‘भिन्न’ हे कठोर पुस्तक आहे. काही ठिकाणी माहितीचा भार गोष्टीला पेलत नाही, असे आमचे मत आहे. पण माहिती गाळून पुस्तक गोंडस केले असते, तर ते आम्हांला नको होते.

आता त्यांच्या नात्यांविषयी. ह्या बाईने स्वतःच्या पुस्तकांइतकेच कष्ट दुसऱ्यांच्या पुस्तकांवर घेतले. इस्मत चुगताई यांच्या कथा त्यांनी ‘रजई’ ह्या नावाने मराठीत आणल्या आणि त्यासाठी २०११ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला. मूळ कथा ‘लिहाफ’, १९४२ सालची. तिच्यावर अश्लीलतेचा खटला लाहोरच्या कोर्टात चालला. त्याच सुमारास मंटो यांच्यावरही तसाच खटला होता. इस्मतबाईंनी माफी मागितली नाही, आणि खटला टिकला नाही. त्या प्रगतिशील लेखक चळवळीच्या वर्तुळातल्या. १९३६ साली लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली जिचे पहिले अधिवेशन झाले, तीच ही चळवळ.

नांदेडकरांना ह्यात आणखी एक अर्थ आहे. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. कोर्टकचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू. आमच्या आधीच्या पिढीला ती सक्तीने शिकावी लागली, आणि मुक्तीनंतर ती पाठ फिरविण्याजोगी वाटली. त्याच गावची मुलगी पुढे उर्दूतील सर्वांत धीट लेखिकेला मराठी घरात घेऊन येते. हिंदीतील मृदुला गर्ग यांची ‘अनित्य’ ही कादंबरीही त्यांनी मराठीत आणली. ‘भारतीय लेखिका’ ही पुस्तकमालिका संपादून देशातील अनेक भाषांतल्या स्त्रियांना त्यांनी एका फळीवर आणून ठेवले. वारली लोकगीतेही जमविली. ज्यांच्याजवळ लिपी नाही त्यांचे शब्दही त्यांनी साहित्यच मानले.

फ्रान्सच्या आनी एर्नो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आम्हांला कविताताईंची आठवण झाली. एर्नोबाईंचे आईबाप नॉर्मंडीतील लहान गावात किराणा आणि कॅफे चालवीत. त्या घराची लाज, गर्भपाताची गोष्ट, हे सगळे त्यांनी साध्या वाक्यांत लिहिले. जे झाकावयाचे तेच लिहावयाचे, हे दोघींत सारखे. फरक असा की एर्नोबाई स्वतःच्याच आयुष्याची विहीर खोल खणीत जातात, तर कविताताई दुसरीच्या दारात जाऊन बसतात.

२०११ साली त्यांनी ‘कुहू’ काढली : शब्दांबरोबर चित्रे, संगीत आणि आवाज असलेली कादंबरी. त्यांना स्वतःला चित्रकलेची ओढ होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५१.

ज्यांनी त्यांचे काहीच वाचलेले नाही, त्यांनी आधी ‘ब्र’ घ्यावी. मग ‘रजई’. ‘भिन्न’ थोडी दमाने, आणि शक्यतो घरात एकट्याने न वाचता दोघांनी मिळून वाचावी.