पायगाडीचें वय : पुरातन, जुनवट व अर्वाचीन सायकलींचा तौलनिक विचार

मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांची वाटणी अगर पाडापाडी होऊं लागली म्हणजे माळ्यावरून सनदा व वह्यांचीं बाडें तेवढीं खालीं येतात असें नाहीं. कित्येकदां गोठ्याच्या कोपऱ्यांतून एखादी काळी, बोजड सायकलहि बाहेर निघते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथें अशा सायकलीची ओळख बहुधा एकाच वाक्यांत करून देण्यांत येते, तें असें कीं, 'ही इंग्रजांच्या अमदानींतली, शंभर वर्षांची आहे.' या वाक्यांत दोन विधानें असून दोन्ही तपासून घेण्याजोगीं आहेत. पहिलें विधान, छावणीचा भाग सोडला असतां, या शहरापुरतें शब्दशः खरें होऊंच शकत नाहीं. कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत येथें अंमल निजामाचा होता. दुसऱ्या विधानाचा निकाल मात्र इतका सोपा नाहीं. तो लागण्यापूर्वींच ती सायकल एक तर भंगारवाल्याकडे किलोच्या भावानें जाते, अगर हौशी गिऱ्हाइकाच्या हातीं पडून घासूनपुसून नव्या रंगानें चकचकीत होते. दोन्ही प्रकारीं पुरावा नष्ट होतो. कागदाविषयीं जी काळजी आपण घेतों ती लोखंडाविषयीं घेत नाहीं, म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे. मोटारगाड्यांच्या बाबतींत इंग्लंडांतील मंडळांनीं काळाच्या मर्यादा ठरविल्या आहेत; तेथें जुनवट गाडी म्हणजे १९१९ ते १९३० या दरम्यानची. सायकलीस अशी सर्वमान्य मर्यादा नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यानें ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूस शंभर वर्षांची, व हस्तलिखितासारख्या लेखांस पंचाहत्तर वर्षांची अट घातली आहे. या अर्थीं शंभर वर्षें भरलेली सायकल पुरावस्तु ठरूं शकेल, परंतु केवळ वयानें नव्हे. तिला ऐतिहासिक महत्त्वहि असलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही 'पुरातन' हा शब्द साधारणतः पहिल्या महायुद्धापर्यंतच्या गाड्यांस लावितों, 'जुनवट' हा त्यानंतरच्या पोलादी गाड्यांस, आणि 'अर्वाचीन' हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील हलक्या, अनेक गतींच्या रस्त्यावरील सायकलींस. ही वांटणी सोयीची आहे, तात्त्विक नव्हे.

पुरातन वर्गाचा इतिहास युरोपांतला आहे व तो थोडक्यांत सांगतां येतो. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें ड्राइस यानें दोन चाकांची लांकडी गाडी काढली. ती पायांनीं जमीन रेटून चालवावी लागे. १८६० नंतर फ्रान्सांत पुढच्या चाकास पायटे बसले. पायटे चाकाच्या कण्यासच जोडलेले असल्यामुळें एका फेऱ्यांत अधिक अंतर तोडावयाचें तर चाकच मोठें केलें पाहिजे. म्हणून १८७० नंतरच्या दशकांत पुढचें चाक वाढत वाढत पुरुषभर उंचीच्या जवळ गेलें व मागचें ताटलीएवढें उरलें. अशाच ५० इंची चाकावर बसून टॉमस स्टीव्हन्स यानें १८८४ ते १८८६ या अवधींत जगप्रवास केला, व त्यांत लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतची सडकहि तुडविली. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' ही सारख्या चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी गाडी सिद्ध केली आणि उंच चाकाची गरजच संपली. १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. या दोन गोष्टी झाल्यानंतर सायकलीची मूळ आकृति आजतागायत बदललेली नाहीं.

आपल्या मुलखाशीं या इतिहासाचा सांधा बेळगावांत जुळतो. किर्लोस्कर उद्योगाच्या स्थापनेचें साल १८८८ मानतात, व तो आरंभ नांगराचा नसून सायकलीच्या दुकानाचा होता हें पुष्कळांस ठाऊक आहे. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां तेथून सायकली बेळगावास धाडीत आणि त्यांचे बंधु रामचंद्रराव त्या विकीत. सायकल चालविण्यास शिकविण्याबद्दल १५ रुपये घेत असेंहि सांगतात. ज्या वर्षीं डनलॉपचें पेटंट निघालें तेंच हें वर्ष, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हवेचे टायर सार्वत्रिक होण्यास पुढें आणखी कांहीं वर्षें लागलीं. तेव्हां अगदीं आरंभीं ज्या गाड्या तेथें आल्या असतील त्यांचीं चाकें भरीव रबराचीं असलीं पाहिजेत, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. त्या काळच्या खडीच्या रस्त्यावर तिची बैठक कशी लागत असेल याची कल्पना ज्यानें बैलगाडीचा प्रवास केला आहे त्यासच करतां येईल.

औरंगाबादेस मनमाडहून येणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालीं सुरू झाला. मुंबई बंदरांत उतरलेला जड माल सुलभपणें येथें येऊं लागला तो तेव्हांपासून. म्हणून त्यापूर्वींची म्हणविणारी सायकल या शहरांत पुढें आली तर ती कोठून व कोणामार्फत आली हें आधीं विचारावें. मालकाच्या आजोबांची नोकरी मुंबई-पुण्याकडे होती कीं काय, हा प्रश्न येथें लोखंडाच्या परीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. युरोपांत आकृतीवरून काळ ओळखतां येतो. आपल्याकडे तो येत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जी सडकेची सायकल रूढ झाली (काळा रंग, सोनेरी रेघा, २८ इंची चाकें, दांडीचे ब्रेक, कॉटरपिनेनें बसविलेले पायट्यांचे दांडे व कातडी बैठक) तीच आकृति येथें शंभर वर्षें चालत आली. प्रथम ती रॅले, हंबर, रज-व्हिटवर्थ, बी.एस.ए., हर्क्युलिस, फिलिप्स या नांवांनीं विलायतेहून आली. स्वातंत्र्यापूर्वींच मुंबईस वरळी येथें हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. पुढें सोनीपत येथें ॲटलस (१९५१) व लुधियान्यास हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले. इतकेंच असतें तर नांव वाचून काम भागलें असतें. परंतु १९४९ सालीं स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सनें मद्रासेजवळ अंबत्तूर येथें हर्क्युलिस आणि नंतर बी.एस.ए. हीं इंग्रजी नांवें भारतांतच घडविण्यास आरंभ केला, व बंगालमध्यें आसनसोलजवळ सेन-रॅले कंपनीनें रॅले काढली. यास्तव 'बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमची, म्हणून १९४७ पूर्वींची' ही विचारसरणी मुळांतच लंगडी आहे.

बी.एस.ए. चें तीन बंदुकांचें चिन्ह तर याहून फसवें. ही कंपनी मूळची बंदुकांची, आणि ती पुरी सायकल विकी त्याचप्रमाणें सुटे भागहि इतर कारखानदारांस विकी. त्यामुळें दातेरी चक्रावर तीन बंदुका दिसल्या एवढ्यावरून सांगाडा त्या कंपनीचा ठरत नाहीं. जुन्या पोथींत नवीं पानें घुसडलेलीं असतात तद्वत् जुन्या सायकलींत नवे भाग असतात. किंबहुना रोजच्या वापराची सायकल चाळीस वर्षें चालली असेल तर टायर, साखळी, छर्रे, पायटे यांपैकीं मूळचें कांहींच उरलेलें नसावें हेंच स्वाभाविक होय. जी सर्वांगीं मूळची म्हणून दाखविली जाते तिजविषयीं आम्हांस अधिक संशय येतो.

मग वय ठरवावें कशावरून? सांगाड्यावरील क्रमांक हें पहिलें साधन. तो पायट्यांच्या कण्याच्या नळीखालीं अगर बैठकीच्या नळीच्या तोंडाशीं ठोकलेला असतो, व बहुधा रंगाच्या थरांखालीं दडलेला असतो. दुसरें साधन मागील चाकाचा हब. स्टर्मी-आर्चर हा तीन गतींचा हब १९०२-०३ च्या सुमारास इंग्लंडांत निघाला. शतकाच्या मध्यकाळांतील अशा हबांवर निर्मितीचें साल अंकांत ठोकलेलें आढळतें. हबावर ५२ असा आंकडा असेल तर तो हब १९५२ चा. लक्षांत ठेवावें कीं, हें वय चाकाचें झालें, गाडीचें नव्हे. तथापि सांगाड्याचें इतर पुराव्यांशीं जमत असेल तर त्यास भक्कम टेका मिळतो. तिसरें साधन म्हणजे मराठी मुलखांतील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन देत तो पितळी बिल्ला. त्यावर साल असे. बिल्ला हा निर्मितीचा पुरावा नसला तरी 'अमुक सालीं ही गाडी अमुक गांवीं होती' हें तो निर्विवाद सांगतो, आणि इतिहासास पुष्कळदां तेवढेंच पुरतें.

चाकाच्या मापाविषयीं एक सूचना करावीशी वाटते, कारण येथें मोठमोठे हौशी फसतात. काळ्या सायकलीचें २८ इंची चाक व अर्वाचीन शर्यती सायकलीचें चाक हीं दोन्ही बोलण्यांत '२८ चीं' असतात. परंतु जेथें टायर बसतो त्या घेराचा व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. तेरा मिलिमीटरांच्या या फरकामुळें एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाहीं. उलट साखळीच्या दोन कड्यांतील अर्ध्या इंचाचें अंतर जुन्या रॅलेपासून आजच्या गाडीपर्यंत तेंच राहिलें आहे. इतके बदल होऊन हें माप कायम रहावें याची मौज वाटते.

तिन्ही वर्गांची खरी तुलना कागदावर न करितां वेरूळच्या वाटेवर करावी. शहरापासून दौलताबाद सुमारें १५ किलोमीटर. तेथून खुलताबादचा घाट लागतो, व तें गांव खालच्या मैदानापासून सुमारें ५०० फूट उंचावर आहे. ५४ इंची उंच चाकाची गाडी पायट्याच्या एका फेऱ्यांत १४ फूट जाते. काळ्या सायकलीस पुढें ४४ व मागें १८ दाते असले तर तिची मजल सुमारें १८ फूट पडते. अर्वाचीन सायकलीवर पुढें ३४ व मागें ३२ दात्यांची जोडी लावली कीं मजल साडेसात फुटांवर येते. आतां वजन पहा : काळी सायकल सुमारें २० किलो, अर्वाचीन सुमारें ९ किलो. ६५ किलोचा मनुष्य वर बसला असतां एकूण ओझें अनुक्रमें ८५ व ७४ होतें. म्हणजे हलकेपणामुळें शेंकडा १३ चीच बचत झाली. परंतु मजल व ओझें हीं एकत्र धरलीं तर घाटांत एका फेऱ्यास लागणारें बळ काळ्या सायकलीवर पावणेतीनपट पडतें. यावरून दिसून येईल कीं, ज्या हलकेपणासाठीं आज लोक पुष्कळ पैसा मोजतात त्यापेक्षां दात्यांची सोय शतपटीनें उपकारक आहे. काळ्या सायकलीवाला घाटांत खालीं उतरून चालूं लागतो तो अशक्त म्हणून नव्हे. उंच चाकाच्या गाडीची मजल कमी असल्यानें ती चढास बरी वाटेल. पण उतारावर तिचे पायटे चाकाबरोबर फिरतच राहतात, व खड्डा लागला कीं स्वार डोक्यावरून पुढें पडतो. दौलताबादेकडील उतरण तिच्यावर करण्याचा सल्ला आम्ही कोणासहि देणार नाहीं.

येथें भाषेंतला एक अवशेष नमूद करण्यासारखा आहे. आजहि जाणकार लोक 'गियर' इंचांत मोजतात. वरील काळ्या सायकलीचा गियर ६८ इंच, अर्वाचीनाचा २९ इंच. हे इंच कशाचे? ते नाहींशा झालेल्या उंच चाकाच्या व्यासाचे. आपल्याकडेहि 'दुचाकी' हा शब्द असाच सरकला. पूर्वीं पायगाडी व दुचाकी हे सायकलीसच म्हणत; १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, स्कूटर-मोटारसायकली घरोघर झाल्या, आणि आज या शहरांत दुचाकी म्हटल्यास सायकल कोणाच्या मनांत येत नाहीं.

जुनवट गाडी बोजड म्हणून तिला कमी लेखूं नये. मुंबईचे आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे पारशी तरुण १९२३ सालीं निघून १९२८ सालीं सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, तें पोलादी सायकलींवरच. अर्वाचीन सायकलीची करामत निराळी आहे. ब्रेकच्या मुठींतच गति बदलण्याची कळ १९९० च्या सुमारास आली. सांगाडा कोळशाच्या तंतूंचा झाला. इतका कीं २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचें वजन ६.८ किलोपेक्षां कमी असूं नये असा उलटा नियम आंतरराष्ट्रीय संघास करावा लागला. अशा सायकलींवर नाशिकच्या महाजन बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारें ४८०० किलोमीटरांची शर्यत जोडीनें पुरी केली. मात्र कोळशाच्या तंतूंचा सांगाडा तडकला तर गल्लींतला कारागीर तो सांधूं शकत नाहीं, आणि काळ्या सायकलीचा वाकलेला चिमटा तो अर्ध्या तासांत सरळ करून देतो.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांनीं तिला घासकागद लावण्यापूर्वीं, शिलालेखाचा ठसा घेतात त्याप्रमाणें, पातळ कागद व शिसपेन्सिल यांनीं सांगाड्यावरील क्रमांकाचा व हबावरील अक्षरांचा ठसा घ्यावा. रंगाच्या थरांची नोंद करावी, बैठकीच्या कातड्यावरील छाप वाचावा, बिल्ला असल्यास तो उकरून काढूं नये. खरेदीची पावती, कराची पावती अगर सायकलीसह काढलेलें छायाचित्र हीं बहुधा त्याच घरांतील एखाद्या पत्र्याच्या पेटींत असतात व गाडीआधीं रद्दींत जातात. तेव्हां आधीं पेटी पहावी, गाडी मागाहून.