पूर्वजांची पाषाणगृहे

म्हैसूर म्हटले की राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन उद्यान आणि दसऱ्याची मिरवणूक आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. चंदन आणि रेशीम यांचीही आठवण होते. परंतु या नगरीशी निगडित असलेला आणखी एक वारसा प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. म्हैसूर संस्थानाने १८८५ साली पुराणवस्तूंच्या संशोधनासाठी स्वतंत्र खाते उघडले. बी. ल्यूइस राइस यांच्यासारख्या विद्वानांनी खेडोपाडी हिंडून हजारो कोरीव लेखांचे ठसे घेतले. अशाच शोधात १८९२ साली आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे राइस यांना सम्राट अशोकाचा शिलालेख मिळाला. त्या लेखात इसिल नावाच्या नगराचा उल्लेख आहे.

अशोकाच्या लेखाने ब्रह्मगिरीचे नाव सर्वत्र झाले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी मात्र एक अक्षरही न कोरलेले शेकडो दगड उभे होते. त्यांनाही सांगण्यासारखे पुष्कळ होते.

जिवंतांचे गाव आणि मृतांचे गाव

म्हैसूर विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक आणि संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक डॉ. एम. एच. कृष्ण यांनी ब्रह्मगिरी येथे प्रथम उत्खनन केले. पुढे १९४७ साली भारतीय पुरातत्त्व विभागाचे प्रमुख सर मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे पद्धतशीर खणती केली. तेथील सुमारे तीनशे शिलास्मारकांपैकी दहा त्यांनी उघडून पाहिली.

ही स्मारके कशी होती, हे वाचकांनी क्षणभर मनाशी आणून पाहावे. जमिनीत खड्डा खणून त्यात ग्रॅनाइटच्या चार मोठ्या शिळा उभ्या केलेल्या. प्रत्येक शिळेचे एक टोक शेजारच्या शिळेच्या पुढे गेलेले, त्यामुळे वरून पाहिल्यास स्वस्तिकाची आकृती दिसावी आणि मातीच्या दाबाने एकही शिळा आत पडू नये. तळाशी फरशी, माथ्यावर प्रचंड शिळेचे छप्पर आणि सभोवती दगडांचे वर्तुळ. पूर्वेकडील शिळेला सुमारे दीड-दोन फूट व्यासाचे वाटोळे भोक पाडलेले असून त्यापुढे दगडांनी बांधलेली अरुंद वाट आहे. भिंती, छप्पर, जमीन, दार आणि अंगण! हे घर नव्हे तर दुसरे काय? कानडी मुलखात लोक अशा बांधणीला कोठे पांडवांची घरे म्हणतात, तर कोठे ‘मोरियर मने’, म्हणजे मोरिय नावाच्या प्राचीन लोकांची घरे म्हणतात. घराची कल्पना त्यांनाही सुचली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आत काय सापडले? काळ्या-तांबड्या रंगाची गुळगुळीत मडकी व वाडगे, लोखंडी विळे, सुऱ्या, भाल्यांची व बाणांची टोके, थोडे मणी. आणि माणसांची हाडे. ही हाडे अखंड देहाची नव्हती. देह अन्यत्र ठेवून मांस नाहीसे झाल्यावर निवडक अस्थी येथे आणून ठेवल्या जात असाव्यात. शेजारीच खोल खड्डे असलेली दगडांची वर्तुळे होती. देह प्रथम तेथे ठेवीत असावेत, असा व्हीलर यांनी तर्क केला. एकेका घरात एकाहून अधिक व्यक्तींच्या अस्थी मिळाल्या. तेव्हा ते वाटोळे दार पुन्हा पुन्हा उघडण्यासाठीच केले असावे, आणि ज्यांनी आयुष्यभर एका चुलीवरचे अन्न खाल्ले, त्यांना शेवटीही एकाच छपराखाली विसावा मिळावा अशी त्या लोकांची भावना असावी, असे मानावयास हरकत नाही.

या लोकांची स्वतःची घरे लाकडाची, कुडाची आणि मातीची होती. त्यांच्या जागी आज जमिनीत खांबांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राहावयास कुडाचे घर आणि मृतांसाठी मात्र ग्रॅनाइटचे! टनावारी वजनाची शिळा खडकापासून सुटी करणे, ती ओढून आणणे आणि उचलून भिंतींवर बसविणे हे एका कुटुंबाच्या आवाक्यातील काम नव्हते. साऱ्या वस्तीचे हात लागल्यावाचून असे एकही छप्पर चढले नसते.

व्हीलर यांनी या स्मारकांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे असा ठरविला होता. पुढील संशोधनाने तो पुष्कळ मागे गेला आहे. कर्नाटकातीलच हळ्ळूर येथे १९६५ साली डॉ. एम. एस. नागराज राव यांनी केलेल्या उत्खननानंतर दक्षिणेत लोखंडाचा वापर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी सुरू झाला होता, असे दिसून आले. शिलास्मारकांची ही परंपराही साधारण तेव्हापासून दीर्घकाळ चालली.

कोणाला नौका, कोणाला घोडा

मृतांना घरच का द्यावे? याचे उत्तर शोधताना दूरच्या एका देशाकडे दृष्टी टाकणे उपयोगी पडेल. उत्तर युरोपात स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत प्राचीन जर्मानिक लोकांनी आपल्या मृतांसाठी दगडांच्या नौका रचल्या. नौकेच्या कडेप्रमाणे दोन्ही बाजूंनी बाक देऊन दगड उभे करावयाचे आणि नाळ व वरवंडी यांच्या जागी सर्वांत उंच दगड रोवावयाचे, अशी ही रचना असते. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रालगतच्या कड्यावर ‘आलेस स्टेनार’ नावाची शिलानौका आहे. तीत ५९ दगड असून तिची लांबी ६७ मीटर आहे. ती सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची मानतात. गॉटलंड बेटावरील कित्येक शिलानौका मात्र तीन हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे आपल्या पाषाणगृहांच्या आरंभकाळच्या आहेत. समुद्रावर जगणाऱ्यांनी आपल्या माणसाला अखेरच्या प्रवासासाठी जे जवळ होते तेच दिले.

आता महाराष्ट्राकडे वळू. नागपूरजवळ जुनापाणी येथे दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. १८६७ साली रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने त्यांतील काही उघडली आणि पुढे १९६१-६२ साली बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. माहुरझरी येथे १९७० नंतर डॉ. शां. भा. देव यांनी खणती केली. या स्थळी माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले. माहुरझरीस तर घोड्याच्या मुखावर चढवावयाचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. विदर्भातील या लोकांनी मृताच्या सोबतीला त्याचा घोडा दिला.

नाविकांनी नौका दिली, अश्वारोहींनी घोडा दिला आणि विळा चालविणाऱ्या ब्रह्मगिरीच्या लोकांनी घर दिले. मृतांना काय दिले यावरून जिवंतांना काय प्रिय होते ते कळते.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गेल्या शतकाआधी कर्नल मेडोज टेलर या अधिकाऱ्याने सुरपूरच्या परिसरात अशी अनेक स्मारके पाहिली. कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेनकल येथील सुमारे चारशे शिलास्मारकांच्या नगरीची वार्ताही त्यानेच १८३५ साली दिली. युरोपातील स्मारकांशी त्यांचे साम्य पाहून ती केल्ट किंवा शक लोकांची असावीत असे त्याला वाटले. आज विद्वान तसे मानीत नाहीत. दगड सर्वत्र आहे आणि वियोगाचे दुःखही सर्वत्र आहे. तेव्हा एकाच प्रकारची कल्पना निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे सुचणे मुळीच अशक्य नाही.

दगडात स्मृती जपण्याची रीत आपल्याकडे पुढेही राहिली. म्हैसूरकडील गावोगावचे वीरगळ आपण पाहिले असतील. खाली युद्ध, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवपूजा, असे त्यांचे टप्पे असतात. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर तर आरमारी युद्धाचे देखावे कोरलेले आहेत. मृताच्या स्मारकावरची नौका आपल्यालाही अनोळखी नाही.

आता जबाबदारी आपली

डेन्मार्कमध्ये लिंडहोम टेकडीवरील सुमारे सातशे थडगी, शिलानौकांसह, वाऱ्याने आलेल्या वाळूखाली शतकानुशतके झाकली गेली आणि म्हणूनच वाचली. १९५० नंतरच्या दशकात ती पुन्हा उजेडात आली. आपल्या पाषाणगृहांवर असे कोणतेही पांघरूण नाही. ती शेतांत, माळांवर आणि खाणींच्या तोंडाशी उघडी आहेत. नांगराच्या आड येणारा दगड काढून टाकला जातो. घडीव शिळा घराच्या पायरीला किंवा विहिरीच्या काठाला चांगली दिसते. गुप्तधनाच्या आशेने कोणी रात्री कुदळ चालवितो. त्याला धन मिळत नाही, परंतु मडके कोणत्या अस्थीजवळ होते, विळा कोणत्या बाजूस ठेवला होता, ही माहिती कायमची नष्ट होते. ज्यांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही, त्यांच्याविषयी वस्तूंच्या या मांडणीवाचून दुसरा साक्षीदार नाही.

प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी १९५८ चा कायदा आहे आणि कित्येक शिलावर्तुळे संरक्षित म्हणून जाहीरही झाली आहेत. तथापि प्रत्येक माळावर पहारेकरी ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. तेव्हा आपल्या शिवारात दगडांचे वर्तुळ किंवा शिळांची पेटी आढळली तर ती उकरू नये, हलवू नये. ग्रामपंचायतीस, तहसीलदारास अथवा राज्याच्या पुरातत्त्व खात्यास कळवावे. सुटीत मुलांना घेऊन राजवाडा अवश्य पाहावा, आणि वाटेत एखादे पाषाणगृह असेल तर तेही दाखवावे. राजवाडा कोणी बांधविला हे मार्गदर्शक सांगतोच. माळावरचे घर मात्र साऱ्या गावाने मिळून बांधले होते, हे मुलांना आईवडिलांनीच सांगावे लागेल.

ज्या छपराला तीन हजार वर्षांपूर्वी साऱ्या वस्तीचे हात लागले, ते आज टिकवावयाचे तर पुन्हा साऱ्या वस्तीचेच हात लागले पाहिजेत.