पोटोमॅकच्या काठचा कोरडा कालवा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिच्यापासून काही मैल वरच्या बाजूस पोटोमॅक नदी खडकांच्या पायऱ्यांवरून धडधडत खाली येते. एका मैलाच्या आतच तिचे पाणी ७६ फूट उतरते. या ‘ग्रेट फॉल्स’च्या व्हर्जिनियाकडील तीरावर आता राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील रानवाटेने निघालेल्या पदयात्रिकास धबधबा मागे पडताच झाडीत एक लांबट चर आढळतो. त्यात पालापाचोळा साचला आहे, मधूनच झाडेही वाढली आहेत. पण त्याची सरळ रेषा पाहता हे निसर्गाचे काम नव्हे, हे सहज कळते.

हा पोटोमॅक कंपनीचा कालवा होय. १७८५ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. डोंगराळ भागातील पीठ, लोखंड व व्हिस्की नावांतून समुद्राकडे आणावी, हा हेतू. वाटेत धबधबा आडवा येई; त्याला वळसा घालण्यासाठी सुमारे एक मैलाचा कालवा व पाच जलपाश बांधण्यात आले.

जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला दगडी हौद. नाव आत आली की वरचे दार लावावयाचे आणि हौदातील पाणी हळूहळू खाली सोडावयाचे. पाण्याबरोबर नावही उतरते. आतील पातळी खालच्या पाण्याशी जुळली, की खालचे दार उघडून ती पुढे निघते. वर चढताना हीच क्रिया उलट करावयाची. यास कोणतेही यंत्रबळ लागत नाही. सारे काम पाण्याचा भार करतो.

वरच्या जलपाशांच्या भिंती तांबूस वालुकाश्माच्या असून त्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा अजून दिसतात. प्रत्येकाची खूण निराळी. अगदी खालचे जलपाश कठीण कड्यात सुरुंगाच्या दारूने फोडून काढावे लागले. या कामावर मजुरांबरोबर धन्यांकडून भाड्याने घेतलेले गुलामही राबत होते. त्यांची खूण मात्र कोठेच नाही.

कालवा १८०२ साली खुला झाला. वॉशिंग्टन त्यापूर्वी तीन वर्षे निवर्तले होते. बांधकामात खोट नव्हती. अडचण दुसरीकडेच होती. कालव्याने धबधबा तेवढा टाळला, उरलेला सर्व प्रवास नदीच्याच पात्रातून होई. उन्हाळ्यात खडक उघडे पडत, पुरात नावा आवरत नसत. वर्षातून जेमतेम महिना-दोन महिने वाहतूक चाले. एवढ्या उत्पन्नात कर्ज फिटणे शक्य नव्हते. १८२८ साली कंपनीचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले व समोरच्या मेरीलँडच्या तीराने नवा कालवा सुरू झाला. तो थोडे टप्पे वगळता नदीच्या पात्रात न शिरता स्वतःच्याच पात्रातून पुढे जाई, आणि १९२४ पर्यंत त्यावर नावा चालल्या.

जुन्या कालव्याकाठी मॅटिल्डाव्हिल नावाचे गाव वसले होते. त्याच्या घरांचे काही अवशेष वाटेलगत, झाडांच्या मुळांत गुंतलेले दिसतात.